सहा मिनिटांचं भाषण आणि एका दिवसाचा प्रमुख

रोहे तालुक्यातल्या धाटावजवळून वाहणारी कुंडलिका नदी तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सुटणाऱ्या पाण्यामुळे ती भर उन्हाळ्यातही वाहती असते. कोलाडहून ती येते, धाटावच्या कारखान्यांच्या बाजूने रोह्याकडे जाते, मग हळूहळू तिची खाडी होते आणि रेवदंड्याला ती समुद्राला मिळते. रेवदंड्याला खेटूनच चौल आहे. आज चौलला गेलात तर नारळी-पोफळीच्या वाड्या दिसतील. पण दोन हजार वर्षांपूर्वी ते गजबजलेलं बंदर होतं, बरं का! इजिप्तमधल्या एका व्यापाऱ्याने त्या काळी समुद्रावरच्या प्रवाशांसाठी एक माहितीपुस्तक लिहिलं. त्याचं नाव ‘पेरिप्लस’. त्यात कल्याणच्या पुढे चौलचंही नाव येतं. आणि हे पुस्तक कोणत्या भाषेत आहे माहीत आहे? ग्रीक भाषेत!

म्हणजे ग्रीक बोलणारी माणसं तुमच्या नदीच्या मुखापाशी व्यापाराला येत होती. त्यांच्या भाषेच्या मूळ देशात, त्याच्याही चार-पाचशे वर्षं आधी, एक मोठा प्रयोग होऊन गेला होता. धाटावच्या कारखान्यांत होतात तसले रसायनांचे प्रयोग नव्हेत हे! त्या प्रयोगातला प्रश्न अगदी साधा होता. दहा माणसं एकत्र राहायला लागली की निर्णय कोणी घ्यायचा? एकाने? मोजक्या काही जणांनी? की सगळ्यांनी मिळून?

त्या प्रयोगाचा एक भाग धाटावात आजही चालू आहे. कुठे, ते पुढे येईलच. आधी ग्रीसला जाऊन येऊ.

डोंगरापलीकडे दुसरं राज्य

ग्रीस हा डोंगरांचा आणि समुद्राचा देश. दोन डोंगरांच्या मध्ये थोडी सपाट जमीन, तिथे एक शहर आणि भोवती शेतं. डोंगर ओलांडला की दुसरं शहर. त्या काळी अख्ख्या ग्रीसवर एकच राजा किंवा एकच सरकार असं नव्हतं. प्रत्येक शहर आणि त्याच्या भोवतालचा मुलूख हेच एक स्वतंत्र राज्य. त्याचे कायदे वेगळे, नाणी वेगळी, सैन्य वेगळं. अशी नगरराज्यं एक हजाराहून जास्त होती!

अ‍ॅरिस्टॉटल नावाच्या विद्वानाला या सगळ्यांबद्दल फार कुतूहल. त्याने आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी मिळून १५८ राज्यांचा कारभार कसा चालतो ते लिहून काढलं. दुर्दैवाने त्यातले जवळजवळ सगळे ग्रंथ हरवले. अथेन्सबद्दलचा तेवढा परत सापडला, तोही इजिप्तमध्ये, जुन्या कागदांच्या गुंडाळ्यांवर! एका शेताचा जमाखर्च लिहून झाल्यावर त्याच कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूला कोणीतरी हा ग्रंथ उतरवून घेतला होता. १८९१ साली तो छापून प्रसिद्ध झाला. कोणा शेतमालकाच्या हिशेबाच्या पाठीवर बसून लोकशाहीची हकिगत आपल्यापर्यंत पोचली.

अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो, राज्य करणारा एक असतो, थोडे असतात किंवा पुष्कळ असतात. आणि या तिन्हींची एक चांगली तर एक वाईट बाजू असते. राज्य करणारे सगळ्यांचं भलं पाहत असतील तर चांगली, स्वतःचंच पाहत असतील तर वाईट.

हे तिन्ही प्रकार पाहायला ग्रीसलाच जायला हवं असंही नाही. आपल्या रायगड जिल्ह्यातच बघा. ६ जून १६७४ रोजी किल्ले रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. तिथे राजा एक, पण सल्ला द्यायला आणि कारभार पाहायला अष्टप्रधान. तिकडे मुरूडच्या जंजिऱ्यावर निराळीच रीत होती. तिथे पूर्वी बापानंतर मुलगाच प्रमुख होईल असं नसे. आरमारातले वजनदार सिद्दी सरदार आपल्यातल्याच एकाला प्रमुख निवडत. म्हणजे थोड्यांचं राज्य. आणि सगळ्यांचं? थांबा, तेही आहे.

ज्याच्या नावाने आरडाओरडा जास्त, तो निवडून आला!

आधी स्पार्टा पाहू. स्पार्टाला एक राजा नव्हता. दोन होते! दोन वेगवेगळ्या घराण्यांतले दोन राजे, एकाच वेळी. एकाने मनमानी केली तर दुसरा आडवा येई. त्यांच्याबरोबर २८ ज्येष्ठांचं मंडळ. त्यात जायला वयाची साठी उलटलेली हवी, आणि एकदा निवड झाली की ती मरेपर्यंत. शिवाय दर वर्षी पाच अधिकारी निवडले जात. ते राजांवरही नजर ठेवत.

या ज्येष्ठांची निवड कशी होई, ऐका. काही माणसांना सभेजवळच्या एका खोलीत बंद करून ठेवत. बाहेरचं त्यांना काही दिसायचं नाही, फक्त ऐकू यायचं. मग एकेक उमेदवार लोकांसमोरून गुपचूप चालत जाई. लोक त्याच्यासाठी ओरडत. खोलीतली माणसं लिहून ठेवत: पहिल्याला इतका आवाज, दुसऱ्याला तितका. ज्याच्या वेळी सगळ्यात मोठा गलका, तो निवडून आला! अ‍ॅरिस्टॉटलने या पद्धतीला चक्क पोरकट म्हटलं आहे. पण खोलीतल्या माणसांना उमेदवार दिसू नये, म्हणजे त्यांनी पक्षपात करू नये, ही युक्ती मात्र विचार करून काढलेली होती.

स्पार्टाची दुसरी बाजू काळी आहे. स्पार्टाच्या नागरिकांची शेती कसायला हेलॉट नावाचे लोक होते. ते गुलामीत होते आणि नागरिकांपेक्षा कितीतरी जास्त होते. ते उठाव करतील या भीतीने अख्खं शहर कायम लष्कराच्या छावणीत राहिल्यागत राहायचं.

कॉरिंथमध्ये आणखी वेगळा प्रकार. तिथे बराच काळ एकाच घराण्याच्या हातात सत्ता होती. हे लोक लग्नंसुद्धा आपापसातच करत, म्हणजे सत्ता बाहेर जायला नको. इ.स.पू. ६५७ च्या सुमारास किप्सेलस नावाच्या माणसाने त्यांना उलथवलं आणि तो एकटाच राज्य करू लागला. असे बळाने सत्ता बळकावणारे हुकूमशहा बऱ्याच ग्रीक शहरांत होऊन गेले. काहींनी मोठी कामंही केली. पण अशा राज्यात एक अडचण कायमची असते. हुकूमशहा चांगला निघाला तर नशीब, वाईट निघाला तर त्याला विचारणार कोण?

टेकडीवर चला!

आता अथेन्स. इथेही आधी श्रीमंत घराण्यांचंच चालायचं. गरीब शेतकरी कर्जात बुडाले की त्यांना गुलाम म्हणून विकलं जाई. इ.स.पू. ५९४ मध्ये सोलोन नावाच्या शहाण्या माणसाने ती कर्जं रद्द केली आणि माणूस गहाण ठेवायला बंदी घातली. पुढे इ.स.पू. ५०८-५०७ मध्ये क्लायस्थेनिसने सगळ्या राज्याची मांडणीच बदलली. गावं आणि शहरातल्या वस्त्या मिळून १३९ लहान घटक आणि सगळ्या नागरिकांचे दहा गट. प्रत्येक गटात किनाऱ्यावरची, शहरातली आणि आतल्या भागातली अशी तिन्हीकडची माणसं मुद्दाम मिसळलेली! जुन्या घराण्यांची पकड सैल व्हावी म्हणून ही क्लृप्ती.

आणि मोठे निर्णय कोण घेणार? सभा. अथेन्समध्ये प्निक्स नावाची टेकडी आहे. तिच्या उतारावर पहाटे पहाटे नागरिक जमत. वर्षातून सुमारे चाळीस वेळा! कायदा करायचा, युद्ध करायचं, तह करायचा, धान्य कुठून आणायचं, सगळं तिथे ठरे. निवडून दिलेले प्रतिनिधी नव्हेत हं, स्वतः नागरिक. चांभार, कुंभार, शेतकरी, खलाशी. दवंडी देणारा उभा राहून विचारायचा की कोणाला बोलायचंय का, आणि कोणीही नागरिक पुढे येऊन बोलू शकायचा. मग हात वर करून मतदान.

काही खास निर्णयांना किमान ६,००० माणसं हजर लागत. म्हणजे आपण ज्याला ‘कोरम’ म्हणतो तो सहा हजारांचा. पण माणसं म्हणजे माणसंच! बाजारात गप्पा रंगल्या की टेकडी चढायचा कंटाळा. त्यावर उपाय काय? लाल रंगात बुडवलेला लांब दोर! दोन्ही टोकं धरून तो बाजारातून फिरवत आणि लोकांना सभेकडे पिटाळत. कपड्याला लाल रंग लागला की सगळ्या गावाला कळे, हा टाळाटाळ करत होता. अ‍ॅरिस्टोफेनिस या नाटककाराच्या विनोदी नाटकात या दोराचा उल्लेख आहे. पुढे पुढे तर सभेला येणाऱ्याला पैसेही मिळू लागले. रोजगार बुडेल म्हणून गरिबाने घरी बसू नये, हा त्यामागचा विचार.

निवडणूक नको, नशीब आजमावा

सभेपुढे कोणते विषय ठेवायचे हे ठरवायला ५०० जणांची परिषद होती. दहा गटांतून प्रत्येकी पन्नास. त्यांची निवड कशी व्हायची? मतदानाने नाही, सोडत काढून! अथेन्सच्या लोकांना वाटे, निवडणुकीत प्रसिद्ध, श्रीमंत आणि गोड बोलणारेच जिंकतात. सोडतीत मात्र सगळे सारखे. सेनापती निवडताना ते मत देत, कारण तिथे कसब लागतं. बाकी बहुतेक कामं सोडतीवर.

या ५०० पैकी एकेका गटाचे पन्नास जण वर्षाचा एक दशांश काळ रोजचा कारभार पाहत. आणि त्या पन्नासांतला एक जण रोज सोडतीने अध्यक्ष होई. फक्त एक रात्र आणि एक दिवस. तेवढ्या वेळात खजिन्याच्या किल्ल्या आणि राज्याची मोहर त्याच्याकडे! दुसऱ्या दिवशी दुसरा. आणि एकाला हे पद आयुष्यात एकदाच. विचार करा, शेजारचा कुंभारकाका आज अख्ख्या राज्याचा प्रमुख, उद्या परत चाकावर.

प्रसिद्ध तत्त्वज्ञ सॉक्रेटिससुद्धा या परिषदेत एकदा होता. इ.स.पू. ४०६ मध्ये सभा खवळली होती आणि काही सेनापतींचा एकत्रच निकाल लावावा असा कायद्याला सोडून प्रस्ताव आला. प्रत्येकाची चौकशी वेगळी व्हायला हवी होती. सॉक्रेटिसने त्या प्रस्तावाला साथ द्यायला ठाम नकार दिला. गर्दी ओरडत असताना ‘नाही’ म्हणायला केवढं धैर्य लागतं!

न्यायालयांतही सोडतच. त्यासाठी एक यंत्र होतं. उभी दगडी फळी आणि तिच्यात ओळीने, टपालपेटीला असते तशा बारीक फटी. प्रत्येकाने आपल्या नावाची छोटी पट्टी फटीत खोचायची. बाजूच्या नळीत काळे-पांढरे गोटे मिसळून टाकायचे. खालून एकेक गोटा सोडायचा. पांढरा पडला तर ती अख्खी ओळ न्यायाधीश म्हणून आत, काळा पडला तर ती ओळ घरी. आज आपल्यापुढे कोण बसणार हे सकाळपर्यंत कोणालाच ठाऊक नाही. मग लाच देणार कोणाला?

आणि भाषणं लांबू नयेत म्हणून पाण्याचं घड्याळ. तळाशी भोक असलेलं मातीचं भांडं. पाणी संपलं की बोलणं संपलं! अथेन्सच्या जुन्या बाजारपेठेच्या उत्खननात असं एक भांडं मिळालं. त्यात सुमारे साडेसहा लिटर पाणी मावतं आणि ते सहा मिनिटांत रिकामं होतं. श्रीमंत असो की गरीब, पाणी दोघांना सारखंच.

विहिरीत सापडलेली चोरी

एखादा पुढारी फार शिरजोर होतोय असं वाटलं तर? अथेन्सचे लोक वर्षातून एकदा विचारत, यंदा कोणाला बाहेर पाठवायचं का? हो ठरलं तर ठरलेल्या दिवशी प्रत्येकाने फुटक्या मडक्याच्या तुकड्यावर एकाचं नाव कोरून टाकायचं. कागद महाग होता, खापऱ्या फुकट! ६,००० खापऱ्या जमल्या तर ज्याच्या नावाच्या जास्त, त्याने दहा वर्षं गाव सोडायचं. त्याचं घर, शेत, पैसा मात्र सुरक्षित राही. दहा वर्षांनी तो परत येऊ शके.

अशा हजारो खापऱ्या आज संग्रहालयांत आहेत. पण एका विहिरीतल्या खापऱ्यांनी गंमत केली. तिथे सुमारे १९० खापऱ्या मिळाल्या आणि सगळ्यांवर एकच नाव: थेमिस्टोक्लिस. संशोधकांनी अक्षरं नीट तपासली. निघालं काय? ती फक्त १४ जणांच्या हातची! म्हणजे थेमिस्टोक्लिसच्या विरोधकांनी आयत्या खापऱ्या लिहून वाटायला ठेवल्या होत्या. अडीच हजार वर्षांपूर्वीचा निवडणुकीतला डाव अक्षरावरून पकडला गेला.

चांदी वाटून घ्यायची की जहाजं बांधायची?

कोण हा थेमिस्टोक्लिस? त्याची गोष्ट ऐका. इ.स.पू. ४८३ च्या सुमारास अथेन्सजवळच्या लॉरियनच्या खाणीत चांदीचा मोठा साठा लागला. सभेत विषय आला, या पैशाचं काय करायचं? सोपा प्रस्ताव होता, प्रत्येक नागरिकाला दहा-दहा द्राखमा, म्हणजे तिथली नाणी, वाटा. कोणाला नको असतात पैसे! पण थेमिस्टोक्लिस उठला आणि म्हणाला, वाटू नका, जहाजं बांधा. आणि सभेने स्वतःच्या हातात पडणारे पैसे सोडून दिले. तीन वर्षांनी इराणच्या सम्राटाचं प्रचंड आरमार आलं. सालामिसच्या सामुद्रधुनीत इ.स.पू. ४८० मध्ये याच जहाजांनी ग्रीसला वाचवलं. जहाजं वल्हवली ती गरीब नागरिकांनी, आणि त्यानंतर सभेत गरिबांच्या शब्दाला आणखी वजन आलं.

आपल्या गावातही असाच प्रश्न दर वर्षी येतो. ग्रामपंचायतीकडे निधी येतो. गटार आधी की शाळेची भिंत? पाण्याची टाकी की सभामंडप? आज खूश करणारं काय आणि दहा वर्षांनी उपयोगी पडणारं काय, हे जहाजांइतकंच अवघड कोडं असतं.

रात्रीत बदललेलं मन

सभा कायम शहाणीच असते का? मुळीच नाही. मिटिलीनी नावाच्या शहराने अथेन्सविरुद्ध बंड केलं आणि इ.स.पू. ४२७ मध्ये ते फसलं. अथेन्सची सभा संतापाने पेटली. ठराव झाला, तिथल्या सगळ्या मोठ्या पुरुषांना ठार करा, बायकामुलांना गुलाम करा. हुकूम घेऊन जहाज निघालंसुद्धा.

रात्र गेली. सकाळी लोकांना वाटू लागलं, हे आपण काय केलं? अख्ख्या शहराला शिक्षा? दुसऱ्या दिवशी परत सभा भरली. क्लिऑन नावाचा एक जण म्हणाला, शिक्षा कायम ठेवा, मवाळपणा दाखवू नका. डायोडोटस नावाचा दुसरा म्हणाला, रागाने आणि घाईने घेतलेला निर्णय चांगला नसतो. हात वर झाले. जवळजवळ बरोबरी! अगदी थोड्या मतांनी डायोडोटस जिंकला.

पण पहिलं जहाज तर एक दिवस-रात्र आधीच निघालेलं! ताबडतोब दुसरं सोडलं. समुद्रावरून तीनशे किलोमीटरहून जास्त अंतर. वल्हेकऱ्यांनी वल्ही खाली ठेवलीच नाहीत. द्राक्षरसाच्या मद्यात आणि तेलात कालवलेलं सातूचं पीठ वल्हवता वल्हवता खाल्लं, झोपही पाळीपाळीने घेतली. पहिल्या जहाजावरच्या लोकांना आपल्या कामाची घाई नव्हती, ते रेंगाळत चाललं होतं. ते पोचलं, सेनापतीने हुकूम वाचला, आता अंमल करणार, तेवढ्यात दुसरं जहाज बंदरात शिरलं! शहर वाचलं. बंडाच्या म्होरक्यांना मात्र अथेन्सने मारलंच, तेही खरं.

मला या गोष्टीत लोकशाहीचं सगळ्यात मोठं बळ दिसतं. एकट्या हुकूमशहाने रागात हुकूम काढला तर त्याला ‘परत विचार करा’ असं कोण सांगणार? सभा चुकते. पण सभा पुन्हा बसू शकते, दुसऱ्याचं ऐकू शकते आणि आपला ठराव मागे घेऊ शकते.

सगळे म्हणजे नक्की कोण?

आता एक अवघड प्रश्न. अथेन्समध्ये ‘सगळे’ मिळून निर्णय घेत. मग प्निक्सवर एखादी आई, आजी, ताई का दिसत नसे? कारण बायकांना तो हक्कच नव्हता. बाहेरगावाहून येऊन पिढ्यानपिढ्या राहिलेल्यांनाही नव्हता. गुलामांना तर नव्हताच. आणि लॉरियनची ती चांदी? ती काळोख्या बोगद्यांत खणून काढली होती गुलामांनीच. ज्यांच्या घामावर ती जहाजं तरली, त्यांना सभेत बोलायची परवानगी नव्हती. म्हणून अथेन्सचं कौतुक करायचं, पण पूर्ण नाही.

‘सगळे’ या शब्दात कोण येतं याची लढाई आपल्याच जिल्ह्यात लढली गेली. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळं सगळ्यांना खुलं करण्याचा ठराव केला. कागदावर ठराव झाला, पण अस्पृश्य म्हणवल्या गेलेल्या माणसांना तिथलं पाणी घेता येईना. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि त्यांनी ओंजळीने पाणी घेतलं. ठराव मंजूर होणं एक आणि तो प्रत्येक माणसापर्यंत पोचणं दुसरं, हे महाडने देशाला दाखवलं. पुढे त्याच बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने संविधानाचा मसुदा तयार केला. जात, धर्म, पैसा, शिक्षण, बाई की पुरुष, काहीही न विचारता प्रत्येक प्रौढाला एक मत मिळालं. अथेन्सला जे कधीच जमलं नाही ते!

आणि धाटावची सभा

आता सुरुवातीला दिलेला शब्द पाळू. तो प्रयोग धाटावात कुठे चालू आहे? ग्रामसभेत!

आमदार, खासदार आपण निवडून देतो आणि ते आपल्या वतीने बोलतात. ग्रामपंचायतीचे सदस्यही निवडून येतात. पण ग्रामसभेत कोणी निवडून यावं लागत नाही. गावच्या मतदार यादीत नाव आहे तो प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य. तुमची आजी, दुकानदार काका, कारखान्यात पाळीला जाणारी ताई, सगळे. म्हणजे थेट प्निक्सच्या घराण्यातली सभा! महाराष्ट्रात ग्रामपंचायतींचा कायदा १९५८ चा. २४ एप्रिल १९९३ पासून लागू झालेल्या ७३व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला संविधानातच जागा मिळाली. वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. सूचना फलकावर लागते, विषय आधी कळतात. सरपंच अध्यक्ष, ग्रामपंचायत अधिकारी इतिवृत्त लिहितात. कोणीतरी ठराव मांडतं, कोणीतरी अनुमोदन देतं. मागच्या वर्षी पैसा कुठे गेला, घरकुल कोणाला मिळणार, गावाचा विकास आराखडा काय, हे सगळं तिथे विचारता येतं.

कोरमही आहे. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल तितकी माणसं हवीत. नाही जमली तर सभा तहकूब. आपल्याकडे लाल दोर नाही, हजेरीचे पैसेही नाहीत. त्यामुळे माणसं आपणहून आली तरच सभेत जीव येतो.

आणि अथेन्सच्या दोन पावलं पुढे आपण कुठे आहोत? ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यायची असते, म्हणजे त्यांचे विषय मागे पडू नयेत. ग्रामपंचायतीतल्या निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत. गावात दारूचं दुकान नको असेल तर बायका मतदान मागू शकतात. मतपत्रिकेवर दोन चित्रं: उभी बाटली आणि आडवी बाटली. आडव्या बाटलीला पुरेशी मतं पडली की दुकान बंद! कितीतरी गावांत बायकांनी अशी बाटली आडवी केली आहे.

गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा गावाने तर अथेन्सपेक्षाही अवघड वाट धरली. तिथली ग्रामसभा बहुमताने निर्णय घेत नाही, सर्वसहमतीने घेते. एकाला जरी पटलं नाही तरी चर्चा पुढे चालू. वेळ लागतो, पण हरलेला कोणी उरत नाही. याच गावाला २००९ साली आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला.

रोहे तालुक्याच्या शेजारच्या पेण तालुक्यात २००८ साली आणखी एक विलक्षण गोष्ट घडली. तिथल्या शेतजमिनींवर एक मोठा औद्योगिक पट्टा उभारायची योजना होती. हेटवणे धरणाचं पाणी ज्या गावांना मिळायचं, त्यांतल्या २२ गावांच्या शेतकऱ्यांना २१ सप्टेंबर २००८ रोजी थेट मतदानाने विचारण्यात आलं, तुम्ही जमीन द्यायला तयार आहात का? बहुतेकांचं उत्तर होतं, नाही. तो प्रकल्प तिथे उभा राहिला नाही. आमदाराने नव्हे, अधिकाऱ्याने नव्हे, ज्याची जमीन त्यानेच उत्तर दिलं.

आता सांगा, स्पार्टा, कॉरिंथ, अथेन्स, यांतलं काय निवडाल? राजा चांगला असेल तर निर्णय पटकन होतात, हे खरं. सभेत वेळ जातो, वाद होतात, कधी चुकीचे ठरावही होतात. पण सभेत चूक सुधारायला दुसरं जहाज पाठवता येतं. त्यासाठी दुसऱ्या दिवशी सकाळी परत यायला माणसं तयार हवीत, एवढंच. लोकशाही ही मत टाकून घरी जाण्याची गोष्ट नाही. येण्याची, ऐकण्याची, बोलण्याची आणि पटलं तर आपलं मत बदलण्याची गोष्ट आहे.

करून बघा!

१. पाण्याचं घड्याळ: प्लास्टिकची एक लिटरची बाटली घ्या. मोठ्यांच्या मदतीने तळाजवळ बारीक भोक पाडा. भोकावर बोट ठेवून पाणी भरा, खाली बादली ठेवा, बोट काढा आणि घड्याळ लावून वेळ मोजा. भोक मोठं केलं तर वेळ किती कमी होतो? बाटली अर्धीच भरली तर वेळही बरोबर अर्धा लागतो का? उत्तर वहीत लिहा. गंमत कळेल!

२. एका दिवसाचा वर्गप्रमुख: सगळ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या डब्यात टाका. रोज एक काढा. ज्याची निघाली तो त्या दिवसाचा वर्गप्रमुख. त्याची चिठ्ठी परत डब्यात टाकायची नाही. सगळ्यांची पाळी झाल्यावर वर्गसभा भरवा आणि विचारा, हे बरं की निवडणूक बरी? प्रत्येकाला बोलायला एक बाटली पाणी, जास्त नाही.

३. खरी ग्रामसभा: १८ वर्षं पूर्ण होईपर्यंत तुम्हाला तिथे मत देता येणार नाही. पण पुढच्या ग्रामसभेची सूचना फलकावर लागली की सरपंचांना विचारून आईबाबांबरोबर ऐकायला जा. वहीत चार गोष्टी टिपा: किती माणसं आली, त्यांत बायका किती, किती जण बोलले आणि कोणते ठराव झाले. मग त्याच्या पुढच्या सभेला वही घेऊन पुन्हा जा आणि मोठ्यांना विचारायला लावा, मागच्या ठरावाचं काय झालं?